वाडा उतरतो ते रान

माझं माहेर सुप्याकडचं आणि सासर खुटबावचं. सुपे बारामती तालुक्यात, खुटबाव दौंडात. एसटीनं निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येतं, एवढंच अंतर. पण मुलूख दोन आहेत. पुणे-सोलापूर रस्त्याच्या दक्षिणेला भुलेश्वरच्या डोंगररांगेकडं गेलं की जिरायत सुरू होते. पडवी, हिंगणीगाडा, रोटी, वासुंदे, जिरेगाव ही माळाची, बाजरी-मटकीची, टँकरची गावं. रस्त्याच्या उत्तरेला मुळा-मुठेकडं आणि भीमेकडं उतरलं की कालवा, ऊस, कांदा आणि गुऱ्हाळांचा धूर. खुटबाव या हिरव्या बाजूला पडतं. आमच्या शिवारापलीकडून पुणे-दौंड रेल्वे जाते. ही लाइन १८५८ सालची. खडकवासल्याचं पाणी कालव्यानं दौंडाकडं वळलं ते त्यानंतर काही वर्षांनी. त्या पाण्यानं आमचं नशीब फिरलं आणि शेजारच्या माळाचं होतं तिथंच राहिलं.

पाऊस मात्र दोन्हीकडं सारखाच तुटपुंजा. वर्षाकाठी साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक चांगलं साल म्हणतात. सह्याद्रीनं ढग अडवून धरल्यावर आमच्या वाट्याला उरतं ते एवढंच. या दोन मुलखांना जोडणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आले. माहेरी ती पावसाळ्यात दिसायची आणि लग्न होऊन इकडं आल्यावर उन्हाळ्यात दिसायला लागली. ती म्हणजे मेंढपाळ धनगर. त्यांच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्यांना ‘भटके’ म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. जो माणूस दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच वाटेनं, त्याच विहिरीवर येतो, तो भटकत नसतो. त्याचा मुलूख लांबट असतो, एवढंच. पाटलाच्या रानातून, फॉरेस्टच्या कडेनं, ओढ्याच्या काठानं, घाट उतरून पार कोकणापर्यंत गेलेला. फक्त त्याचा सातबारा कुणी लिहिलेला नाही.

महाराष्ट्रात धनगरांचे पोटभेद बरेच. हटकर, खुटेकर, सनगर, शेगर, झेंडे, अहिर, डांगे अशी नावं ऐकू येतात. सनगर घोंगड्या विणणारे. गवळी धनगर सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी राखणारे. आमच्याकडं मेंढरं घेऊन येतात ते मुख्यतः हटकर. चार-पाच किंवा आठ-दहा घरं एकत्र निघतात, त्याला वाडा म्हणतात. प्रत्येक घराची मेंढरं वेगळी, त्याची खांड, म्हणजे कळप, वेगळी, पण मुक्काम एक आणि वाट एक. आज कुठल्या रानात उतरायचं, कुणाशी बोलणी करायची, पोलीस पाटलाला कुणी भेटायचं, हे वाड्याचा कारभारी ठरवतो. लोक त्याचं ऐकतात, पण ते त्याच्या धाकानं नव्हे. त्याचा अंदाज दोन वेळा चुकला तर पुढच्या साली दुसऱ्या वाड्याला जाऊन मिळायची मोकळीक प्रत्येक घराला असते.

वाडा रानात उतरतो तेव्हा आधी पोचतात त्या बायका. मेंढरं आणि गडी आडवाटेनं चरत चरत मागून येतात. बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून सरळ रस्त्यानं पुढं होतात. घोडं लादणं हे कसबाचं काम. खाली घोंगडी, त्यावर दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची पोती, मग पीठ, मीठ, भांडी, वर तळवट, त्याच्यावर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि सगळ्यात वर दोन-तीन वर्षांचं एखादं पोर. कालपरवा जन्मलेली कोकरंसुद्धा झोळीत घालून घोड्यावरच. रानात आल्यावर पहिल्यांदा घोडं मोकळं करतात, मग तीन दगड शोधतात. चूल पेटली की मुक्काम झाला. पाल ठोकायची घाई नसते. उन्हाळ्यात तर कित्येक वाडे पाल ठोकतच नाहीत, उघड्यावरच झोपतात.

आमच्याकडं दर साली येणाऱ्या वाड्यातली जी मामी आहे, ती आली की पहिला प्रश्न ठरलेला. “वैनी, हिरीला पानी हाय का औंदा?” पाणी आहे म्हटलं की पुढचं सगळं सोपं. मग ती माझ्या सासूबाईंची चौकशी करणार, कोण गेलं, कोण बाळंत झालं, कोणाचं लग्न ठरलं ते विचारणार, आणि सुप्याच्या बाजूची माझ्या भावकीतली बातमी मला सांगणार. माहेरची खबर फोनवर मिळते आता, पण मामीच्या खबरीत तिथल्या ओढ्याला पाणी आलं का, बाभळींना शेंगा कितपत धरल्या, हेही असतं. फोनवर भाऊ ते सांगत नाही.

दिवस कलायला लागला की वाघर लावतात. वाघर म्हणजे दोरीची जाळी. खुंट्यांवर ताणून तिचा गोल किंवा चौकोन करतात आणि रात्री मेंढरं त्यात कोंडतात. पण कोंडायच्या आधीची अर्धी घटका एकदा तरी पाहावी अशी. दिवसभर कोकरं वाड्यावर असतात, आया रानात. संध्याकाळी खांड धुरळ्यातून जवळ येते तशी डालग्याखालची कोकरं ओरडायला लागतात, आणि तिकडून मेंढ्या. शंभरभर मेंढ्या आणि तितकीच कोकरं एकाच वेळी ओरडत असताना कोण कुणाला हाक मारतंय ते आपल्याला काही कळत नाही. मामीची सून डालगं उचलते. कोकरं सुटतात. दोन-चार चुकीच्या कासेला जातात, मेंढी शेपटाखाली हुंगते आणि ढुशी देऊन बाजूला करते. थोड्या वेळात आवाज बसत जातो. शेवटी एखादं कोकरू उरतं, त्याची आई आटलेली असते किंवा मेलेली असते. त्याला ती सून मांडीवर घेते, दुसरी दुभती मेंढी पायात धरते आणि पाजते. मेंढी नाखूश असते, पण हलत नाही. रोज हे असंच. बोलणं फारसं नाही.

रात्रभर मेंढरं त्या जागी बसतात आणि सकाळी तिथं लेंडी आणि मुताचा थर झालेला असतो. यालाच मेंढरं बसवणं म्हणतात. दुसऱ्या रात्री वाघर पुढं सरकते, तिसऱ्या रात्री आणखी पुढं, असं करत अख्खं रान खतावून निघतं. गाडी-ट्रॅक्टरनं खत वाहायला नको, विसकटायला नको. मेंढीच्या लेंडीत गाईम्हशीच्या शेणापेक्षा नत्र जास्त, आणि उकिरड्यावर वाया जाणारं मूत इथं थेट जमिनीत मुरतं. सासूबाईंच्या काळात याचा मोबदला पायलीनं मोजत. बाजरी किंवा ज्वारी, वर मीठ-मिरची, कधी गुळाची ढेप. सासूबाई मोजताना शेवटच्या पायलीवर हातानं शीग चढवायच्या, कारण वाड्याशी हिशेब पुरता काटेकोर करू नये, अशी त्यांची समजूत होती. आता रात्रीवर रोख पैसे ठरतात. तरी बाजरीचं एखादं पोतं आमच्याकडं अजून जातं. मेंढरं बसलेल्या रानातला कांदा कसा पोसतो, ते खुटबावमधल्या कुठल्याही जुन्या शेतकऱ्याला विचारावं. खताच्या गोणीचा भाव वाढला की त्याला वाड्याची आठवण येतेच येते.

हा व्यवहार पोटापाण्याचा आहे, पण मुळात फिरावं का लागतं त्याचं कारण मेंढीच्या अंगात आहे. आमची दख्खनी मेंढी काटक. माळावरचं वाळलं कुसळ खाऊन, मैलोगणती चालून जगणारी. तिला सोसत नाही ती ओल. चिखलात खूर सडतात, पोटात जंत होतात, भिजली लोकर अंगावर राहिली की फुप्फुसाचा आजार होतो. म्हणून पावसाळ्याचे महिने पर्जन्यछायेतल्या माळावर काढायचे, जिथं थोड्या पावसानंही गवत उगवतं आणि चिखल होत नाही. दिवाळीनंतर माळ वाळला की पाण्याकडं सरकायचं. पूर्वी इथले बरेच वाडे भोरवरून वरंध घाटानं महाडकडं उतरत. काही ताम्हिणीनं माणगावकडं जात. कोकणात तोवर भात निघालेलं असे आणि तिथल्या शेतकऱ्यालाही खत हवं असे. शिरूरच्या बाजूला येणाऱ्या वाड्यांची कथा थोडी वेगळी. त्यातले पुष्कळ पारनेरच्या ढवळपुरीकडचे. ते शिरूर, खेड, जुन्नर करत माळशेज घाटानं मुरबाड-कल्याणकडं जातात. वैशाखात वळवाचे ढग दिसायला लागले की सगळे परत फिरतात.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या या राहणीचा अभ्यास केला होता. मेंढ्या राखणारा, म्हशी राखणारा, घोंगडी विणणारा असे पोटभेद निसर्गातली आपापली जागा वाटून घेऊन राहतात, एकमेकांच्या पायावर पाय देत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. मामीला हे एवढं मोठं करून सांगावं लागत नाही. “त्यांची वाट त्यांची, आमची वाट आमची,” एवढं ती म्हणते. दुसऱ्या वाड्याच्या ठरलेल्या रानात आपण जाऊन उतरायचं नाही, गेलोच तर आधी विचारायचं, हा नियम ती मोडत नाही.

वाड्यातल्या बाईबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण धनगर म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढं फेटा, काठी आणि खांद्यावर घोंगडी असा गडीच येतो. गडी मेंढरांमागं दिवसभर असतो हे खरं. पण बाकीचा सगळा संसार बाई हाकते. मुक्काम हलवणं, पाणी, सरपण, बाजार, भाकरी, कोकरं, आजारी मेंढीच्या जखमेतल्या अळ्या काढणं, औषध पाजणं, आणि गावातल्या लोकांशी गोड बोलून संबंध राखणं. मामीची थोरली मुलगी आमच्याच रानात जन्मली. त्या वेळी सासूबाईंनी तिला घरात घेतलं, पण चौथ्या दिवशी वाडा हलला आणि ती बाळाला घेऊन निघाली. पैशाच्या गाठी मामीच्याच कनवटीला असतात. कोणतं कोकरू विकायचं यावर कारभाऱ्याशी ती सरळ भांडते, आणि बहुतेक वेळा तिचंच चालतं.

देवही त्यांच्या वाटेवरचे. जेजुरी आमच्या दक्षिणेला. खंडोबाच्या दोन बायका, म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. गडावर देवाशेजारी म्हाळसा आहे आणि बाणाईचं देऊळ अर्ध्या पायऱ्यांवर. धनगर तिथं आधी थांबतात. पुरंदरातच वीरचा म्हस्कोबा, तिकडं सांगलीच्या आरेवाडीचा बिरोबा. रात्री ढोल वाजला की गजी नाचतात आणि सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडल्यावर ओवीतून देवांच्या गोष्टी सुरू होतात, त्या पहाटेपर्यंत संपत नाहीत. जर्मनीहून आलेले गुंथर सोंथायमर या ओव्यांसाठी वर्षानुवर्षं पुणे जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांवर हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या देवांवरचं त्यांचं पुस्तक १९७६ साली निघालं. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये पंढरीच्या विठ्ठलाची मुळं याच गोपाळ-धनगरांच्या देवांत शोधली. तुकोबांची पालखी यवतला मुक्काम करून, वरवंड, पाटस, रोटीचा घाट करत बारामतीकडं जाते. पुढं काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. मी ते पाहिलंय. हजारो वारकऱ्यांच्या मध्ये मेंढरं रथाभोवती पळत सुटतात, बुजत नाहीत, आणि बाजूला उभा असलेला म्हातारा धनगर हात जोडून रडत असतो. त्या दिवशी त्याला रान कुणाचं, असं विचारायची कुणाची छाती होणार नाही. धनगरांतलेच मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, बापामागं मामाकडं मेंढरं राखत वाढलेले. हे तर इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

लोकरीचं मात्र पार वाटोळं झालं. वर्षातून दोनदा मेंढरं कातरतात. कोकराची पहिली लोकर, जावळ, सगळ्यात मऊ. हाताच्या चातीवर चालता चालता सूत काढणारे म्हातारे मी पाहिलेत. त्या सुताची घोंगडी सनगर विणत आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ करत. भर पावसात डोक्यावरून खोळ घेतली की आत थेंब येत नसे. शेतकरी, वारकरी, गडी, सगळ्यांना ती लागे. मग स्वस्त ब्लँकेटं आली, प्लास्टिकचे कागद आले. काळी जाडीभरडी दख्खनी लोकर घ्यायला आता गिऱ्हाईक मिळत नाही. कातरणाऱ्याची मजुरी निघत नाही म्हणून ती बांधावर पडून राहते. मामी म्हणते, लोकर आता मेंढीच्या अंगावरचं ओझं आहे. मिळकत राहिली ती मांसाची. यवतच्या, लोणंदच्या बाजारात बकरी विकायची, बकरी ईदच्या आधी भाव बघायचा. खाणारे वाढले, भाव चढला, म्हणून धंदा टिकला. नाहीतर केव्हाच बुडाला असता.

धंदा टिकला, पण रान आटलं, आणि याला आम्ही बागायतदार कारण आहोत. पूर्वी दोन पिकांच्या मध्ये रान मोकळं असायचं. आता ऊस बारा-चौदा महिने उभा, तुटला की खोडवा. खोडव्याच्या कोंबांना मेंढरं तोंड लावतात म्हणून मालक येऊ देत नाही. रानात ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या, त्या खुरांनी तुटतात म्हणून नको. बांधाला तारेचं कुंपण. जनाई-शिरसाई उपसा योजनेचं पाणी जिरायती गावांत गेलं, चांगलंच झालं, माझ्या माहेरच्या बाजूला त्यामुळं जनावरं जगली. पण त्याबरोबर तिथलेही माळ नांगरले जाऊ लागले. डोंगराच्या अंगाला वनखात्याची झाडं आणि चराईबंदी. सुप्याला १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी. ते हवंच होतं. पण सरकारी कागदात असल्या गवताळ माळाला पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटलं की कुणालाही काहीही द्यायला ते मोकळं होतं. त्याच माळावर चिंकारा, लांडगा आणि मेंढरू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेत. लांडग्यानं एखादं कोकरू नेलं तर धनगर त्याला शिव्या देतो, पण विष घालत नाही. त्याचाही वाटा असतो, असं मी म्हाताऱ्यांकडून ऐकलंय.

बिबट्याचं तसं नाही. तो उसाबरोबर आला. शिरूर, जुन्नर आणि आता आमच्या दौंडातही उसाच्या फडाला लागून वाडा उतरवणं म्हणजे रात्रभर डोळ्याला डोळा नाही. उघड्यावर झोपणाऱ्या लेकराबाळांची धास्ती वेगळीच. वनखात्यानं शिरूर-जुन्नरच्या बाजूला मेंढपाळांना तंबू आणि सौर दिवे दिले. त्याचा उपयोग झाला, पण सगळ्या वाड्यांना ते पुरले नाहीत. आणि हवामानही पूर्वीसारखं राहिलं नाही. डिसेंबर २०२१ च्या पहिल्याच दिवशी अवकाळी पाऊस आणि जीवघेणी थंडी एकदम आली. शिरूर, आंबेगाव, जुन्नर, पारनेर भागात उघड्या रानात बसलेली शेकडो मेंढरं एका रात्रीत गारठून मेली. मामीच्या चुलत दिराची खांड त्यात गेली. पंचनामा झाला, मदत मिळाली, पण खांड म्हणजे नुसती संख्या नसते. कुठली मेंढी पुढं चालते, कुठली जुळी देते, ही ओळख उभी करायला काही वर्षं जातात.

असं फक्त इथंच चाललंय असंही नाही. आफ्रिकेत नायजेरियाच्या दक्षिणेला नायजर नदीच्या मुखाजवळ इसोको नावाच्या लोकांचा पाणथळ मुलूख आहे. कसावा, रताळ्यासारखे कंद आणि मासे यांवर जगणारे ते लोक. कोरड्या महिन्यांत उत्तरेकडचे फुलानी गुराखी चाऱ्याच्या शोधात या दक्षिणेकडच्या भागात उतरतात. पश्चिम आफ्रिकेत फुलानींची गुरं शेतात बसवून बदल्यात धान्य द्यायची रीत जुनी आहे, अगदी आपल्यासारखी. पण शेतं वाढली, वाटा बुजल्या, आणि आज तिथं शेतकरी-गुराखी यांच्यात रक्त सांडतं. आपल्याकडं शिवीगाळ आणि काठीपर्यंतच जातं, हे आपल्या जुन्या संबंधांचं पुण्य. ते आपोआप टिकेल, असं मात्र मला वाटत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांचं म्हणून ठरवलंय. त्याची खबर आमच्या तालुक्यात कुणाला आहे, ते मी विचारत असते.

सरकारी योजना नाहीत असं नाही. महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर ७५ टक्के अनुदानावर मिळतात. भटक्या जमाती ‘क’मधून साडेतीन टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जमातीच्या मागणीचा वाद कोर्टकचेऱ्यांत गेला, तो इथं काढत नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गारोल मेंढीचा जुळी कोकरं देणारा गुण दख्खनीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, ते काम मला फार मोलाचं वाटतं. मेंढ्या कमी राखूनही कोकरं जास्त मिळाली तर चराईचं रान कमी लागेल. पण चाऱ्याचा, वाटेचा आणि शाळेचा प्रश्न कुठल्याच योजनेत नीट बसत नाही. वाड्यावरची पोरं एक तर आजी-आजोबांपाशी गावाला राहतात, नाहीतर शिक्षण सोडतात. मामीची नात गावी राहून बारावीला पोचली. तिला नर्स व्हायचंय. धाकटा नातू मात्र मेंढरांमागंच आहे. त्याला विचारलं तर तो शाळेचं नाव काढत नाही, मोबाइलवर बाजारभाव दाखवतो.

यंदा वाडा आला तेव्हा पाच घरांपैकी तीनच घरं आली. एक घर भोसरीला कंपनीत लागलं, एकानं खांड विकून जिरायतीत बोअर पाडली. कालव्याकडच्या तुकड्यात आम्ही खोडवा न ठेवता ऊस मोडला होता, गव्हाचं काडही होतं, शेजारच्यांची कांद्याची पात होती. आमच्या घरचे आणि कारभारी बांधावर बसून बोलले. पुढच्या फाल्गुनात याच तुकड्यात उतरायचं, तोवर आम्ही तिथं ठिबक टाकायचं नाही आणि विहिरीजवळची वाट नांगरायची नाही, असं ठरलं. शेजारच्या दोन भावांनाही मी तयार केलंय. त्यांनी आधी भाव विचारला, मग मागच्या वर्षीच्या खताच्या पावत्या काढून बसले, आणि हो म्हणाले. मामीनं एकच अट घातली, विहिरीवरची मोटर दिवसा दोन तास चालू ठेवायची. ती आम्ही मान्य केली आहे.